मनकर्णाचं चाक

गिरणीत मनकर्णाला कुणी काम शिकवलं नाही, शिकवली ती एक गाठ. सूत तुटलं की दोन टोकं धरायची, वेढा द्यायचा, टोक आत घालायचं, ओढायचं. आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. नव्या बाया रडकुंडीला यायच्या. पण तिच्या वाट्याला आलेली केराबाई मोठी हिकमती. ती सगळी गाठ स्वतः बांधायची आणि शेवटचं ओढणं तेवढं मनकर्णाकडून करून घ्यायची. "ओढ. झाली बघ तुजी गाठ!" चार दिवस नुसतं ओढणं. मग टोक आत घालून ओढणं. असं उलटं उलटं मागं येत महिन्याभरात मनकर्णा आख्खी गाठ मारायला लागली. शेवट आपल्या हातानं झाला की माणसाला वाटतं, जमतंय की! ही केराबाईची विद्या. पुस्तकात कुठं नसेल. नसू दे.

पुढं सुताच्या उडत्या कुसानं छाती भरली, खोकला जाईना, म्हणून मनकर्णानं गिरणी सोडली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिची एक खोली होती. तिथं जुन्या सायकलच्या चाकाचा चरखा मांडून ती तेलुगू विणकरांना मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. तिथंच सत्तर साली एका दुपारी एक दहा वर्षांचा, गोरागोमटा, पायात वहाण नसलेला पोरगा आत शिरला आणि चाकासमोर फतकल मारून बसला. नाव विचारलं, उत्तर नाही. गाव विचारलं, उत्तर नाही. चाक फिरलं की हसायचा, थांबलं की तिच्या हाताकडं बघायचा, तोंडाकडं मात्र एकदाही नाही. तीन तास बसला बेटा.

तिन्हीसांजेला गिरिजाबाई रडत रडत शोधत आली. बाळी वेशीतल्या धोंडप्पा भुसारवाल्याची ती बायको, आणि हा तिचा एकुलता एक सिद्धाराम. बोलत नव्हता, अंगाला हात लावू देत नव्हता, मनाविरुद्ध झालं की भिंतीवर डोकं आपटायचा. देवऋषी झाले, अंगारे झाले, पुण्याच्या डॉक्टरनं कागदावर एक इंग्रजी शब्द लिहून दिला होता, तो गिरिजाबाई पदराच्या गाठीत बांधून फिरायची. लोक आपले सरळ येडा म्हणून मोकळे.

"तू काय केलंस गं ह्याला? तीन तास गप बसला?" गिरिजाबाई म्हणाली.

"म्या काय करतीय? चाक फिरवलं."

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णा त्यांच्या घरी जाऊ लागली. एक मोडका चरखाही तिनं तिथं परसात नेऊन मांडला. घर लिंगायताचं, ही बौद्ध बाई. पहिलं वर्षभर परसातल्या कडुनिंबाखालीच बसायची, पाणी वरून ओंजळीत. मग पोरगा सदरा घालायला लागला तेव्हा पडवीत आली, हातानं जेवायला लागला तेव्हा थेट स्वयंपाकघरात. एकेक पायरी तिनं पोराबरोबरच चढली म्हणा ना.

शिकवणं केराबाईचं. सदऱ्याचं बटण काजात अर्धं सरकवून द्यायचं, उरलेलं त्यानं ओढायचं. ओढलं की एक फेरा चाक. नाही ओढलं तर ओरडा नाही, मार नाही, पण चाकही नाही. आणि ठरलेला फेरा चुकवायचा नाही, मग आभाळ कोसळू दे. एकदा घरात मयत झाली होती, सगळे रडत बसले होते, तरी सिद्धूनं ताट उचलून ठेवलं म्हणून हिनं परसात नेऊन त्याला चाक फिरवू दिलं. धोंडप्पा लई चिडला. मनकर्णा म्हणाली, "मालक, ह्या एका गोष्टीवर त्याचा इस्वास हाय. ती मोडली की समदं मोडलं."

सगळ्यात जड गेला तो एक शब्द, 'नको'. डोकं आपटायचं ते नको म्हणता येत नव्हतं म्हणून, हे तिच्या ध्यानात आलं होतं. त्याला ओल्या कपड्याचा भारी तिटकारा. ती ओलं फडकं लांबून दाखवायची, स्वतःच "नको" म्हणायची आणि झटकन मागं घ्यायची. चौदा महिने! गल्लीतल्या बाया म्हणायच्या, मनकर्णालाच आता लागलं वेड. आणि एका सकाळी फडकं दिसताच पोरगं घोगऱ्या आवाजात म्हणालं, "नको." मनकर्णानं फडकं भिरकावून दिलं, गिरिजाबाईच्या गळ्यात पडली, आणि त्या गडबडीत दोघींच्याही लक्षात आलं नाही की कोण कुणाला शिवलं. त्या दिवसापासून डोकं आपटणं बंद झालं. कपाळावरचं टेंगूळ हळूहळू बसलं.

नऊ वर्षं गेली. सिद्धाराम एकोणीस वर्षांचा उंचापुरा झाला. दुकानात मागं बसून अर्ध्या किलोच्या पुड्या बांधायचा, वजनात गुंजेचा फरक नाही. पोत्यात हात घालून न बघता सांगायचा, ही मालदांडी ज्वारी, ही नव्हे. बोलायचं ते दोन दोन शब्द. सायंकाळी चाकाचे दहा फेरे, मोजून. मनकर्णाला तो 'मना' म्हणायचा. जगात दुसरं कुणीही तिला त्या नावानं हाक मारत नव्हतं.

एकोणऐंशीच्या माघात गिरिजाबाई म्हणाली, "मनकर्णा, पाव्हणे येतेत आमच्याकडं. ह्याला चार गोष्टी शिकव की. नमस्कार, नाव, काय करतो, भाऊबहीण किती. लोक हसतेत गं."

मनकर्णाला काय, आनंदच. तिनं खुणा बसवल्या. हनुवटीला बोट लावलं की नाव सांगायचं, तळहात दाखवला की "दुकान बघतो", एक बोट वर केलं की "एकटाच". शिक्षण विचारलं तर "मॅट्रिक" म्हणायला शिकव, असं गिरिजाबाई म्हणाली तेव्हा ती जरा अडखळली. "अक्का, साळंचं तोंड न्हाय बगितलं त्यानं." "अगं, पाव्हण्यांपुरतं." बरं, पाहुण्यांपुरतं. इथंच चुकली बाई! पण नऊ वर्षांच्या मिठाला जागणारी माणसं असा संशय घेत नाहीत.

मग ती आठ दिवस तापानं पडली. बरी होऊन गेली तर सिद्धू धावत समोर आला. त्याच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं.

"पसंत आहे," तो म्हणाला.

"काय रं?"

"पसंत आहे. चाक."

हे मनकर्णाचं शिकवणं नव्हतं. तिनं रांजणात पदर बुडवला आणि ओला पदर त्याच्यापुढं धरला. पोरगा थरथर कापायला लागला, डोळे मिटले, मूठ कपाळावर मारून घेतली, पण 'नको' म्हणेना. "पसंत आहे, पसंत आहे," एवढंच म्हणत राहिला. तिनं पदर टाकला आणि तशीच स्वयंपाकघरात गेली.

"अक्का, ह्याचा नको कुनी काडला?"

गिरिजाबाई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. "यांनी. नको म्हटला की चाक कोठीत, वर कुलूप. पसंत आहे म्हटला की किल्ली. आठ दिवसांत जमलं बघ. तुझीच रीत की."

"माजी रीत? चौदा महिने हाडाची काडं करून त्याला त्यो शबूद दिला म्या. त्याचं त्येवढंच एक शस्तर व्हतं! आन् कशापायी?"

"करकंबचं स्थळ आलंय. बसलिंगप्पांची रुद्राणी. अठरा वर्षांची हाय, कामाला वाघीण हाय म्हणतेत."

म्हणजे मनकर्णा जे शिकवत होती ते एका पोरीला फसवण्यासाठी! बोटं तिची, खुणा तिच्या, आणि गळा त्या रुद्राणीचा. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. "त्या पोरीला ठावं हाय का?" तिनं विचारलं.

गिरिजाबाई ढसाढसा रडली. "माझ्या मागं ह्याला कोण गं? तू तरी किती दिवस पुरणार? घरात बाई आली तर त्याला घास तरी मिळंल." ते रडणं खोटं नव्हतं, हे मनकर्णालाही कळत होतं. आईचं काळीज, त्याला काय नाव ठेवणार? मग गिरिजाबाईनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शपथ घेते. हे बसलिंगप्पांना बाजूला घेऊन समदं सांगतील. पोरगी हो म्हणाली तरच पुढं. तू फक्त त्या दिवशी उभी ऱ्हा. तू दिसली नाहीस तर तो घाबरतो."

लिंगाला हात लावून बोललेली बाई. मनकर्णानं विश्वास ठेवला. आणि खोटं कशाला सांगा, कुठंतरी तिलाही मोह पडलाच होता, सिद्धूच्या डोक्याला मुंडावळ्या बघायचा.

पाहुणे रविवारी सकाळी आले. बसलिंगप्पा, धोतर-कोट घातलेला भला माणूस, आणि त्याची बहीण चंद्रव्वा. मनकर्णा स्वयंपाकघरात शिरायला लागली तर गिरिजाबाई आडवी आली. "आज आत नको. पाव्हणे सोवळ्याचे हायत. तू मधल्या दाराआड ऱ्हा, तुला तोच बघंल असं." नऊ वर्षांची पायरी एका वाक्यात परत परसात. मनकर्णानं तेही गिळलं. बाहेर सोप्यात पाहुण्यांपुढं बसलेल्या सिद्धूला दिसेल अशी दाराआड उभी राहिली.

हनुवटीला बोट. "सिद्धाराम धोंडप्पा."

तळहात. "दुकान बघतो."

सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. बसलिंगप्पाचा चेहरा फुलला. "धोंडप्पा, लई नशीबवान हाव तुमी. मॅट्रिक झालेलं पोरगं आन् एवढं गरीब, वर मान करून बघत न्हाय! आमची रुद्राणी जरा तोंडाळ हाय, बरं का. कसं हुईल?"

"ती बोलेल, हा ऐकेल," धोंडप्पा म्हणाला आणि दोघं हसले. "आमच्याकडं लपवाछपवी नाही. जसा आहे तसा तुमच्यापुढं बसलाय."

दाराआड मनकर्णाचे कान तापले. म्हणजे सांगितलं नव्हतं. लिंगाला हात लावून सुद्धा! तिनं वळून गिरिजाबाईकडं बघितलं. गिरिजाबाईनं नजर उचलली नाही, खालमानेनं पोह्यांत खोबरं पेरत राहिली.

बाहेर चंद्रव्वानं पिशवीतून फोटो काढून सिद्धारामच्या हातात दिला होता. "बघा जावईबापू. पसंत हाय का पोरगी?"

सिद्धारामनं दाराकडं बघितलं. मनकर्णानं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. पण याला तिची खूण लागतच नव्हती, हे त्याला तिनं शिकवलेलंच नव्हतं.

"पसंत आहे," तो म्हणाला. फोटो त्यानं उलटा धरला होता.

मनकर्णा उंबरा ओलांडून सोप्यात आली.

"ही कोण?" चंद्रव्वानं विचारलं.

"भांडी घासायला येते," धोंडप्पा घाईघाईनं म्हणाला. "डोक्यानं जरा अशीच आहे. गिरिजा, हिला मागं ने."

मनकर्णा दारात आलेल्या गिरिजाबाईकडं बघत उभी राहिली. बोल, आता तरी बोल. नऊ वर्षं परसापासून चुलीपर्यंत येत तुझ्या लेकराला माणसात आणलं, एकदा तर तोंड उघड. गिरिजाबाई म्हणाली, "व्हय. भांडीवाली हाय."

झालं! त्या शब्दांनी मनकर्णाचं सगळं तुटलं. ती सिद्धारामसमोर जाऊन बसली, रोज बसायची तशीच, गुडघ्याला गुडघा.

"सिद्धू, तुला हिरीत ढकलू?"

"पसंत आहे."

"ह्या घराला आग लावू?"

"पसंत आहे."

तिसरा प्रश्न तिच्या तोंडातून सहज निघेना. पण निघाला. "सिद्धू, तुजी आई मरू दे?"

"पसंत आहे," सिद्धाराम म्हणाला, आणि शहाण्यासारखं सगळं बरोबर सांगितलं म्हणून पहिल्यांदाच पाहुण्यांसमोर हसला.

चंद्रव्वानं फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. बसलिंगप्पानं उठून पायात वहाणा घातल्या. पोहे तसेच राहिले आणि भावाबहिणीचा टांगा करकंबच्या एस.टी.साठी स्टँडकडं गेला. तिकडं करकंबात रुद्राणी वाचली. कुणामुळं वाचली, ते तिला कधी कळलं नसणार.

इकडं सोप्यात सिद्धाराम उठून मनकर्णापुढं उभा राहिला. त्यानं हात पुढं केला.

"मना. चाक."

नऊ वर्षांत तिनं त्याचा एक फेरा बुडवला नव्हता. ती उठली, "चल बाळा," म्हणून परसाकडं वळली, तेवढ्यात धोंडप्पानं तिचा दंड धरला. बौद्ध बाईला तो पहिल्यांदाच शिवला, तो असा. ओढत तिला रस्त्यावर काढलं आणि दाराला आतून आडणा घातला. "मालक, एक फेरा त्याला फिरवू द्या, मग म्या जन्मात तोंड दावणार न्हाय!" ती दारावर मुठी मारत होती. "अक्का, त्याला चाक द्या! त्यानं काय केलं हाय? अक्का!"

कोठीचं कुलूप लागल्याचा आवाज आला. मग भिंतीवर डोकं आपटल्याचा. शेजारपाजारचे बाहेर आले, कुणी तिला हाताला धरून बाजूला घेऊ लागलं, पण ती जागची हलेना. एकदा आवाज, मग पुन्हा. आणि प्रत्येक आवाजानंतर आतून तो तिला अगदी शहाण्यासारखं, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगत होता, "पसंत आहे. मना, पसंत आहे."