कडू ते औषध

सानगडीत जपानी औषधाचा प्रचार पहिल्यांदा मी केला, आणि तो बंद पडला तोही माझ्यामुळेच.

त्याचं असं झालं. आमच्या पल्लवीला पाहायला कोंढ्याचे पाहुणे येणार होते, आणि नेमकी मला सर्दी झाली. साधी नव्हे! मी एक शिंक दिली की अंगणातल्या कोंबड्या छपरावर चढायच्या. करोनापासून कुणी शिंकलं की पाहुणा आधी चपला शोधतो. त्यात मुलाचे वडील केशवराव तापट. (वरणात खडा लागला म्हणून एक सोयरीक मोडून आले होते म्हणे.) आणि पल्लवीला तर मुलगा आधीच पसंत होता. सगळं साकोलीच्या कॉलेजातच ठरलं होतं, आम्ही फक्त पोहे करायचे होते.

"बाबा, पाहुन्यांसमोर शिंकसान त पाहा!" पोरीने दम दिला.

तेव्हा मला जपानात नोकरी करणारा भाचा आठवला. दिवाळीत आला तेव्हा त्याने पुड्यांचे दोन जुडगे दिले होते. एक तिकडचं पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं सर्दीचं झाडपाल्याचं औषध, दुसरी कॉफी. दोन्ही पुड्या चकचकीत, दोन्हींत तपकिरी भुकटी, दोन्हींवर चिमणीच्या पायांसारखी अक्षरं. कोणती कशाची, ते त्याने नीट समजावलं होतं. मी "हो हो" म्हणालो होतो.

आता पुन्हा फोन करून विचारायचं? छे! मी मास्तरकी केलेला माणूस. नाक बंद असल्यामुळे वास कळेना, म्हणून दोन्ही भुकट्या चाटून पाहिल्या. एक गोडसर, दुसरी कडूजहर! लहानपणी आईने मला नाक दाबून भुईनिंबाचा काढा पाजला होता. कडू ते औषध, याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

झालं! कडू पुडी गरम पाण्यात, जेवणाआधी, बिनसाखरेची. आणि काय सांगू, अंगात असा जोर आला की मी कुंपण बांधलं, सायकल धुतली, अन् झोपच येईना म्हणून पहाटे उठून शेजाऱ्यांनाही उठवलं. पानठेल्यावर माझी भाषणं सुरू झाली. "जपानी लोक येडे हायेत का? मुडद्याले उठवते हे औषध!" नाक मात्र वाहतच होतं. ("घान बाहेर पडून रायली," असं मी लोकांना समजावलं.)

पाहुणे आले. केशवराव बसल्यापासून नाकाला रुमाल लावून. आमच्या घराला वास येतो की काय, या धास्तीने माझा जीव अर्धा झाला. मी स्वयंपाकघरात धावलो.

"चाहा नोको करू. जपानी कॉफी कर!"

"याले दालचिनीचा वास येऊन रायला जी," बायको म्हणाली.

"जपानची कॉफी हाय थे! तुले काय समजते?"

दूध, साखर, वर फेस. केशवरावांनी घोट घेतला, थबकले, पण पाहुणचाराला नाव कसं ठेवणार? "वा!" म्हणाले. आमच्याकडे कुणी "वा" म्हटलं की कप पुन्हा भरतात. दुसरा कप संपेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला, मग टोपी उतरली. मी पंखा वाढवला.

इतक्यात पल्लवीने मला आत ओढलं. तिने रिकाम्या पुडीवर मोबाईल धरला होता. (हल्ली मोबाईलला जपानीही वाचता येतं!)

"बाबा, थे कॉफी नोहोय. सर्दीचं औषध हाय! पाहुन्यांले औषध पाजलं तुमी!"

"चूप राह्य! त्यायले काय कळते?"

"मले त्याच घरी जायाचं हाय. मी सांगतो."

मी तिची ओढणी धरली. ओढणी माझ्या हातात राहिली, पोरगी बाहेर.

"काकाजी, माफ करा. चुकून तुमाले सर्दीचं औषध पाजलं."

वरणातला तो खडा माझ्या डोळ्यांपुढे आला. गेली सोयरीक! केशवरावांनी रुमाल बाजूला केला आणि मोठ्ठा श्वास ओढला.

"तरीच म्हनतो! कालपासून नाक बंद होतं जी. शिंकलो त तुमीच सोयरीक मोडसान, म्हनून रुमाल धरून बसलो होतो!"

सगळे हसले. मला तर आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. छाती फुगवून मी म्हणालो, "मी म्हनतच होतो! हे औषध मी सोता घेऊन रायलो..."

पल्लवीने दुसऱ्या पुडीवर मोबाईल धरला.

"बाबा, तुमी जे पेऊन रायले, थे कॉफी हाय."

आणि तेव्हाच मला शिंक आली. कोंबड्या छपरावर!

लग्न थाटात झालं. मांडवात व्याह्यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर शेला टाकला, हातात नारळ दिला, आणि वर कॉफीची एक भलीमोठी बरणी ठेवली.

"इवाई, जेवनाआधी घेजा. बिनसाखरेची."