छातीच्या फोटोतला गळ

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझं लग्न ठरलं आणि लगेचच घास गिळताना कळ यायला लागली. मऊभातसुद्धा उतरताना डोळ्यांत पाणी आणायचा. आमच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं, काही दिसलं नाही. रत्नागिरीतल्या आमच्या आळीने निदान केलं, लग्नाची धास्ती!

एका दुपारी आईही म्हणाली, "मुलगा पसंत नसेल तर तसं सांग गो. जेवण कशाला टाकतेस?"

"मुलगा पसंत आहे," मी रडत म्हटलं, "घास उतरत नाही."

तिने पदराने माझे डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखतं तिथे बोट ठेव." मी छातीच्या मधोमध ठेवलं.

"मग छातीचाच फोटो काढू."

फोटो उजेडाच्या काचेवर लावला. मणक्याला लागून बारीकशी, वाकडी पांढरी रेघ होती. "ब्लाउजचा हूक राहिलाय," बाई म्हणाल्या.

"ब्लाउज माझ्या हातात होता," आई ठणकावून म्हणाली. "हिच्या अंगावर तुमचाच झगा होता."

बाईंनी बाजूने दुसरा फोटो काढायला लावला. रेघ तिथेच! हृदयाच्या मागे, मणक्याच्या पुढे, अन्ननलिकेत.

"मासे खाल्ले होतेस?"

मला एकदम आठवलं. सासरची माणसं जेवायला आली होती तेव्हा सुरमईच्या तुकडीत काहीतरी टोचलं होतं. चारचौघांत थुंकायचं कसं, म्हणून तसंच गिळलं होतं.

"काटा फोटोत इतका ठळक दिसत नाही. हे लोखंड आहे," बाई म्हणाल्या. "मासा पकडायच्या गळाचं मोडलेलं टोक. आता पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आजच कोल्हापूर गाठा."

गाडीला थोडा वेळ होता. तेवढ्यात आई आळीत शिरली आणि दारोदारी तो फोटो उन्हात धरून दाखवत सुटली. "ही बघा हिची धास्ती!" मी मागे ताठ मानेने उभी. इतकं दुखत असूनही मला हसू आवरेना.

कोल्हापुरात भूल देऊन, तोंडातून नळी घालून त्यांनी ते टोक काढलं. अन्ननलिकेला जखम फारशी नव्हती. काही दिवस सलाईनवर काढले, आणि मग नर्सने कोमट दुधाची वाटी पुढे केली. पहिला घोट घेऊन मी डोळे घट्ट मिटले, कळेची वाट बघत. ती आलीच नाही. दुसरा घोट मोठा घेतला. वाटी रिकामी करून विचारलं, "अजून आहे?"

आई म्हणाली, "चावायचं काही मिळेल का, तेही विचार!"