भास्करचा राहिलेला दुसरा भाग

मृत्यू आला की वैर संपते. हे वाक्य भास्करच्या शोकसभेच्या निमंत्रणावर मीच छापून घेतले, कारण त्याशिवाय आप्पासाहेब आले नसते.

तो गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात भाजी घेत होतो. पुढे काय घेतले ते आठवत नाही. घरी पिशवीतून नुसती कोथिंबीर निघाली. आम्ही एका वर्गातले, मी पुढे गावातच शिक्षक झालो. त्याच्या वडिलांचा लग्नात वाजवणारा बँड होता, त्यात तो क्लॅरिनेट वाजवायचा. पुढे पुण्याला जाऊन पाश्चात्त्य स्वरलेखन शिकला, मोठ्या वाद्यवृंदासाठी स्वतः रचना लिहू लागला, त्यांचे संचालन करू लागला. परदेशातही त्याचे नाव झाले. गावाची अडचण एवढीच, की तो स्वतः काहीच वाजवायचा नाही. त्याच्या चुलत्याने एकदा विचारले, "समदे वाजवतेत, तू कावून नुस्ता काडी हलवतूस?" भास्कर म्हणाला, "काका, मुकादम कुठं ऊस तोडतो?" काकांना पटले. मात्र त्या दिवसापासून त्यांचा पुतण्यावरचा विश्वास उडाला.

त्याची सगळ्यात मोठी रचना ऊसतोडीवर होती. पहिल्या भागात गाव कारखान्याकडे निघते. मग सगळी वाद्ये थांबतात, बराच वेळ... ते रिकामे गाव. दुसऱ्या भागात माणसे परततात. ही रचना पहिल्यांदा बीडमध्येच वाजली पाहिजे, हा त्याचा हट्ट. पुण्याचे वादक आणि वडवणीचे बँडवाले त्याने शेजारी बसवले. स्वागताध्यक्ष होते आप्पासाहेब, आष्टीकडचे पुढारी. वाद्ये थांबली. भास्कर दोन्ही हात वर धरून ती शांतता सांभाळत उभा राहिला. आमच्याकडे सभागृहात शांतता झाली, की कार्यक्रम संपला किंवा लाईट गेली. लाईट होती. आप्पासाहेबांनी माइक घेतला आणि सत्कार सुरू झाले. भास्करचे हात वरच होते. हार घालायला सोयीचे झाले. मग फेटा, शाल, नारळ आणि आप्पासाहेबांचे कलेवरचे विचार. लोक जेवायला गेले. गाव काही परतले नाही.

त्यानंतर त्याने ती रचना कुठेच वाजवली नाही आणि आप्पासाहेबांशी बोलणेही टाकले. पुण्यातून विचारणा झाली, मुंबईतून झाली. तो म्हणायचा, गाव पुण्यात कसे परतेल? आप्पासाहेब मात्र पुढे प्रत्येक व्यासपीठावर सांगत, भास्करला आपणच उभा केला. तेवढे खरे होते. हार घालून होईपर्यंत तो उभाच होता.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. आवाज खोल गेला होता. म्हणाला, "गड्या, आपल्याकडं शांतता झाली की कोन्तरी बोलायला उठतंच बघ. त्याच्यावर मला विलाज सापडला न्हाई." मला सापडला होता, पण त्याला तो सांगण्यासारखा नव्हता. लोक ज्या शांततेत हमखास गप्प राहतात ती आमच्याकडे एकच आहे, आणि ती ऐकायला तो नसणार होता.

शोकसभेत निवेदन मी मागून घेतले. त्याच्या शिष्यांनी लोक येत असतानाच पहिला भाग वाजवला. कुणी बोलणे थांबवले नाही. मग मी श्रद्धांजलीसाठी सर्वांना स्तब्ध उभे राहायला सांगितले. सभागृह गप्प झाले. त्या शांततेतून एक क्लॅरिनेट हळूच निघाले, मागून दुसरे आले, आणि माणसे परतू लागली... गाडीमागून गाडी. निवेदकाने 'बसा' म्हटल्याशिवाय श्रद्धांजलीतून बसता येत नाही. मी म्हटले नाही. सगळ्यांनी सगळे ऐकले. मागच्या रांगेत काही बाया डोळे पुसत होत्या. त्या कारखान्यावर जाऊन आलेल्या होत्या, त्यांना कुणी रचना समजावून सांगायला नको होती.

पुढच्या रांगेत आप्पासाहेब पाय बदलत होते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. शेवटी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "गुरुजी, झालं का हो?"

"न्हाई," मी म्हणालो, "आजून थोडे लोक यायचेत."

वादक तेव्हा वाद्ये पुसून पेट्यांत भरत होते.