जे सांगितलं तेवढंच लिहिलं

"वेणी सोड," मावशी म्हणाल्या.

परीक्षा विभागाच्या दारात, जिन्याखाली. तिसऱ्या वर्षाची मुलं रांगेत उभी होती, चाळीस-पन्नास तरी असतील. मी वेणी सोडली. मावशींनी केसांत बोटं घालून पाहिलं. ओढणी झटकली. बूट काढायला लावले, मोजे उलटे करायला लावले. कमरेवरून हात फिरवला. बाजूलाच एक खोली होती, तिला पडदाही होता. मुलींची तपासणी तिथे होते. माझी बाहेर झाली.

मावशी कॉलेजातल्या शिपाई, मला लहानपणापासून ओळखतात. माझे पप्पा त्याच कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर. दोघं दुपारचा डबा एकत्र खातात. त्या दिवशी मावशींनी माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही.

मागून संस्थेच्या अध्यक्षांचा मुलगा आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात निळी झोळी. त्याला सगळे दादा म्हणतात. प्राध्यापकसुद्धा.

"नीट बघा मावशी," तो म्हणाला. "फुकटवाल्यांचा भरवसा नसतो."

रांग हसली. त्याला कोणी तपासलं नाही. झोळीवर डावा हात ठेवून तो आत गेला.

मी त्याची लेखनिक होते. त्याचा पेपर मी लिहायचा होता.

फुकटवाली म्हणजे काय, ते सांगते. धुळ्यातल्या एका इंग्रजी शाळेत मला पहिलीला मोफत जागेवर प्रवेश मिळाला. गणवेश सारखाच, पुस्तकं सारखीच. पण दर वर्षी जूनमध्ये नव्या बाई वर्गात यायच्या आणि म्हणायच्या, आरटीईवाले हात वर करा. आम्ही करायचो. बाकीची मुलं वळून बघायची. तो मुलगा माझ्याच शाळेत होता, एक वर्ष पुढे. त्यानेही वळून पाहिलं असणार. मी त्या शाळेत दोन गोष्टी शिकले. चांगलं इंग्रजी, आणि गप्प बसणं. तिसरी गोष्ट माझं अक्षर. ते मात्र माझं स्वतःचं.

कॉलेजात दोन वर्षांपूर्वी संचालक म्हणून एक निवृत्त कर्नल आले. सैन्याच्या अकादमीत त्यांनी शिकवलं होतं. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितलं, की तिथे पेपर वाटून झाला की शिक्षक वर्गाबाहेर निघून जातो. कोणी कोणाकडे बघत नाही. बघायला बंदी नसते, पण बघावंसंच वाटत नाही. का, तर मुलांनी शब्द दिलेला असतो. सभागृहात मागे खुसखुस चालली होती. मी ऐकत होते. मला ते सगळं खरं वाटलं. असं कुठेतरी असतं, हेच मला फार मोठं वाटलं.

मग आमच्याकडे ऑनर कोड आला. तीन वाक्यं. मी खोटं बोलणार नाही. मी नक्कल करणार नाही. जो करेल त्याला मी खपवून घेणार नाही. प्रत्येक मजल्यावर पाटी लागली. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही पाट्या माझ्या अक्षरात. कर्नलसरांनी स्वतः बोलावून काम दिलं होतं. पाट्या पाहून म्हणाले, "ब्यूटिफुल." मी आठवडाभर त्या एका शब्दावर चालत होते.

अक्षरामुळेच पुढचं झालं. दादा मोटरसायकलवरून पडला, हात मोडला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आलं. हेडक्लार्कनी मला बोलावलं.

"तू सायन्सची, तो बीबीए. तू एक वर्ष खाली. अक्षर चांगलं, इंग्लिश चांगलं. नियमात अगदी बरोबर बसतेस." मग फाइलींच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि पप्पांचं कायम होणं याच गठ्ठ्यात आहे बरं का."

पप्पा बारा वर्षं हंगामी आहेत. मी हो म्हणाले. एका मुलाचा हात मोडलाय, आपण लिहून द्यायचं. यात वाईट काय, असं मी स्वतःला सांगितलं.

आम्हाला वेगळी खोली होती. सुपरवायझर सरांनी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि वर्तमानपत्र उघडलं. दादाने झोळीत बोटं घातली. आतून मायक्रो झेरॉक्स निघाल्या. बोटभर रुंदीचे कागद, मुंगीएवढी अक्षरं. घडी घालून, नंबर टाकून.

"दोन नंबरचं उत्तर यात. चार नंबरचं यात. लिही."

मी लिहिलं.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगितलं तर कोणाला वाटेल मी लपवत होते. पहिल्या पेपराला मी चिठ्ठ्यांवरून उतरवलं. सगळं. सुंदर अक्षरात. एके ठिकाणी चिठ्ठीतली चूक मी दुरुस्तही केली. सवयीने.

बाहेर पडल्यावर माझी बोटं सरळ होत नव्हती. मी थेट कर्नलसरांच्या केबिनवर गेले. दारावर माझीच पाटी. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाबद्दल तक्रार केली. थांबत थांबत, अर्धी इंग्रजीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला.

"बेटा, हे सांगायला धैर्य लागतं. आता हे माझ्यावर सोड. आय विल लुक इंटू इट."

मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून.

दुसऱ्या पेपराला पुन्हा जिन्याखाली तपासणी. पुन्हा वेणी. खोलीत बसल्याबरोबर दादा म्हणाला, "कर्नलकडे गेली होतीस म्हणे."

मी पेनचं टोपण काढलं.

"चहा पाजला का? बिस्कीट? का नुसताच चहा?"

सुपरवायझर सर हसले. खिडकीकडे बघत.

"हे बघ," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाही. "माझा हात मोडलाय, म्हणून तू आहेस. तू हात आहेस. हात तक्रार करतो का? चार पेपर लिही. मग तुला कोणी ओळखत नाही, मला कोणी ओळखत नाही."

दुसरा पेपरही मी लिहिला. त्या दिवशी रागही आला नव्हता. आतून काहीतरी बंद पडलं होतं. मला राहून राहून त्याचं नाही, सरांचंच आठवत होतं. माझ्यासमोर कपात साखर ढवळणारे सर. मी केबिनमधून निघाले तेव्हाच त्यांनी फोन उचलला असेल.

घरी येऊन बॅग रिकामी केली. तळाशी लेखनिकासाठीच्या सूचनांची झेरॉक्स होती. पहिल्या दिवशी हेडक्लार्कनी घाईत सही घेतली होती, मी वाचलीच नव्हती. आता वाचली. पाचवी सूचना अशी होती: परीक्षार्थी तोंडी सांगेल तेच आणि तेवढेच लेखनिकाने लिहावे. स्वतःच्या मनाने काहीही लिहू नये.

मी ती दोनदा वाचली. मग घडी करून ठेवून दिली.

तिसरा पेपर मार्केटिंगचा. दादाने झोळी काढून बाकावर टाकली आणि प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांनी मोबाइल चालवू लागला. उजव्या हाताच्या बोटांनी. चिठ्ठ्या माझ्यासमोर सरकवल्या. मी त्या उलट्या करून ठेवल्या. पेन उघडलं. उत्तरपत्रिकेचं पहिलं पान उघडलं.

"लिही ना, काय बघतेस."

मी लिहिलं: लिही ना, काय बघतेस.

"आज एक नंबरची चिठ्ठी मोठी आहे, ती आधी उरकून टाक."

तेही लिहिलं. त्याने जे मराठीत सांगितलं ते मराठीत. जे इंग्रजीत सांगितलं ते इंग्रजीत. माझ्या मनाचं काहीच नाही. मोबाइलचं लिहिलं नाही, बोटांचं लिहिलं नाही. ते मी पाहिलं होतं, त्याने सांगितलं नव्हतं.

मध्येच तो म्हणाला, "तुझा बाप अजून टेम्पररीच ना? बघू आपण. लिहीत राहा." पेन एकदा थांबलं. मग ते वाक्यही उतरवलं.

"सर, हिला पुरवणी द्या, पानं भरलेली दिसली पाहिजेत." लिहिलं. सरांनी पुरवणी दिली, तिच्यावर सही केली. वर्तमानपत्र खाली न ठेवता.

शेवटी त्याने लांबूनच पानं भरलेली पाहिली. "झालं का?" त्याने विचारलं. मी ते दोन शब्द लिहिले, खाली रेघ मारली आणि म्हणाले, "झालं."

उत्तरपत्रिका सीलबंद होऊन गेली. तपासणी बाहेरच्या केंद्रावर असते. तिथून परत मागवता येत नाही.

मी ऑफिसच्या खिडकीशी गेले. "चौथ्या पेपराला मी येणार नाही."

"का?"

"येणार नाही."

हेडक्लार्क बघत राहिले. मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. त्यांना दुसरी मुलगी मिळाली, अर्ध्या तासात. तीही पहिल्या बाकावरची, शांत.

दीड महिन्याने विद्यापीठाचं पत्र आलं. परीक्षकांनी ती उत्तरपत्रिका गैरप्रकार म्हणून चौकशीला पाठवली होती. मला केबिनमध्ये बोलावलं. कर्नलसर, प्राचार्य, हेडक्लार्क. टेबलावर टाइप केलेला कागद. लेखनिकाने मानसिक तणावाखाली स्वतःच्या मनाने मजकूर लिहिला, परीक्षार्थीचा त्याच्याशी संबंध नाही, मी बिनशर्त माफी मागते. खाली माझं नाव.

"वाच," सर म्हणाले. "मी शब्द जपून वापरलेत. तुझं करिअर खराब होणार नाही."

"हे खोटं आहे, सर."

"बेटा, संस्थेलाही ऑनर असतो. हजार मुलं इथे शिकतात. एका मुलीच्या हट्टापायी?"

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा दुष्ट नव्हता. थकलेला होता, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की ते माझं भलं करताहेत. त्या क्षणी मला कळलं, की तो कोड माझ्यासारख्यांसाठीच होता. ज्यांनी तो पाळायचा त्यांच्यासाठी. वरच्यांना त्याची फक्त पाटी हवी होती.

"सही नाही करणार," मी म्हणाले. माझा आवाज कापत होता. कापू दिला.

चार दिवसांनी ऑफिसने पप्पांना सांगितलं, सोमवारपासून येऊ नका.

पप्पा शिंदखेड्याकडचे. घरात माझ्याशी मराठीत बोलतात, मी शिकलेली म्हणून. त्या संध्याकाळी ते त्यांच्या बोलीत बोलले.

"माय, सही करी टाक. त्या बठ्ठा एकच शेतस. तू एकली काय करशी?"

"ते सगळे एक असू देत, पप्पा. पहिले दोन पेपर मी चिठ्ठ्यांवरून लिहिलेत. तेही मी सांगणार आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्यांनीच मला पकडलंय. मग चपला घालून बाहेर गेले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. मावशी पप्पांना भाऊ म्हणतात; त्यांनी निरोप पाठवला, भाऊंची तरी कीव कर म्हणावं. मावशींना काय सांगू?

मी माझं निवेदन लिहिलंय. मराठीत, कारण इंग्रजीत ते फार सभ्य वाटायला लागलं. एका सीनियर ताईने वाचून सांगितलं, की पहिला परिच्छेद काढ, मग तुझी केस मजबूत होईल. तू निव्वळ बळी दिसशील. पहिल्या परिच्छेदात माझे दोन पेपर आहेत. मी तो काढला नाही. तो काढला तर उरलेलं सगळं दादाच्या चिठ्ठीसारखं होईल, सोयीचं तेवढं.

सोमवारी जळगावला विद्यापीठात सुनावणी आहे. सकाळच्या बसने मी एकटी जाईन. मला शिक्षा होणार. वर्ष जाईल, कदाचित दोन. पप्पांची नोकरी परत मिळेल असं मला कोणी म्हटलेलं नाही, आणि मीही स्वतःला म्हणत नाही. आत गेल्यावर माझं नाव पहिलं सांगेन, माझे दोन पेपर पहिले सांगेन. मग तिसरा. मग केबिनमधला कागद, टाइप केलेला, शब्द जपून वापरलेला. त्यांनी माफी मागायला सांगितली, तर एकाच गोष्टीची मागेन. मला दोन पेपर उशीर झाला.

बाकी कशाचीही नाही.