जिन्यातला पतंग

मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रात्रभर ट्यूबलाइट जळते. तिच्याकडे आलेले पतंग सकाळी भिंतीला चिकटून झोपलेले असतात. एका रविवारी मी जळमटं काढायला लांब झाडू घेऊन बाहेर आले, तर एक अनोळखी बाई डोळ्याला भिंग लावून भिंतीपाशी उभी. साठीची, पायात चिखलाने माखलेले बूट. पतंगांचा अभ्यास करणारी, वॉचमनला पटवून वर आलेली.

"अगं, झाडू थांबव ना जरा," ती कुजबुजली, जणू घरात बाळ झोपलंय.

भिंतीवर नखाएवढा राखाडी पतंग होता. "मावशी, नाव काय ह्याचं?"

"आपल्या इथलाच आहे. पण ह्याच्यासारखेच दिसणारे अजून आहेत ना! पंखांवरून कळत नाही. पोटाचं टोक कापून मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. मेल्याशिवाय नक्की नाव मिळत नाही बिचाऱ्याला."

तिने पिशवीतून डबी काढली, झाकण उघडलं, पतंगाकडे बघत राहिली. मग झाकण परत लावलं.

"झोपू दे. रविवार आहे."

ती हळूच जिना उतरून गेली. तेवढी भिंत सोडून मी जळमटं काढली. तिचं नाव मीही विचारलं नाही.