काकूंची हरकत

आमचं उपनगर यमुनेच्या अलीकडे की पलीकडे, हे मी सांगणार नाही. दिल्लीला चिकटलेली ही गावं सगळी सारखीच. सेक्टरला नंबर, घराला नंबर, गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि फाटकाशी खुर्चीत झोपलेला गार्ड. तुम्हाला आवडेल तो सेक्टर धरा. मी तिथे एका मराठी जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली काका आणि काकू. ना ते माझे काका, ना त्या माझ्या काकू. पण परमुलखात नाती जोडून घ्यावी लागतात, नाहीतर पुरणपोळी मिळत नाही.

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत काचबिंदूने त्यांची नजर नेली. सगळी. घराला मागे एक छोटं दार होतं आणि ते थेट सेक्टरच्या बागेत उघडायचं. बाग म्हणजे तरी काय, पिवळं गवत, गंजलेलं रेलिंग, एक गळका नळ आणि कडुलिंब. पण रोज संध्याकाळी काका त्या दारातून एकटे बाहेर पडायचे. रेलिंगला हात लावायचा आणि चालू लागायचं. नळाची टपटप ऐकू आली की वळायचं, कडुलिंबाखालचा गारवा लागला की पुन्हा वळायचं, असं करत फिरून घरी. काठी नाही, सोबत नाही. एरवी दाढीपासून औषधापर्यंत दिवसातली प्रत्येक गोष्ट काकूंच्या हाताने व्हायची, ही फेरी तेवढी त्यांची स्वतःची. त्या वेळी काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून आपण बघतच नाही असा अभिनय करायच्या. मी मंडळाच्या नाटकांत आयुष्य घालवलंय, मला कळतं. उत्तम करायच्या.

मग एके दिवशी रेलिंगला नोटीस लागली. सरकारी हिंदी म्हणजे संस्कृतने रागाच्या भरात लिहिलेली. मी ती खाली जाऊन दोघांना वाचून दाखवली, अर्थातच मराठीत. बागेचं आरक्षण उठवून जागा व्यावसायिक करायची, तिचे चार प्लॉट पाडायचे. शेजारच्यांच्या हरकती आणि सूचना मागवल्या आहेत. जनसुनावणी आहे.

काकूंचा चेहरा उजळला. "हरकती ना? मग काय घाबरायचंय! आमच्या दादानं सांगलीला हरकत घेतली होती. आख्खा रस्ता सरकला. नगरपालिकेला सरकवावा लागला."

"ते सांगलीला, अगं," काका म्हणाले. "इथे रस्ते लोकांना सरकवतात."

बोलणार कोण? मला बिल्कुल बंदी, भाडेकरूला आवाज नसतो. घराचा प्लॉट काकूंच्या नावावर, त्यामुळे बोलायचं काकूंनीच. काका घरीच राहणार म्हणाले. मी आग्रह केला तर म्हणाले, "मी तिथे गेलो की लोक दया करतील. मला दया नको यार, बाग पाहिजे."

आता काकूंच्या हिंदीविषयी सांगायला हवं. अर्धं आयुष्य दिल्लीत गेलं, तरी काकूंची हिंदी म्हणजे मराठी वाक्य आणि शेवटी 'है'. आधी सरकारी कॉलनीत चहूबाजूंनी मराठी शेजार, मग मंडळ, हळदीकुंकू. भाजीवाला तर त्यांच्याकडून मराठी शिकला, 'भेंडी कोवळी है' असं स्वतःहून ओरडायचा. बाजारात जेवढी हिंदी लागते तेवढी त्यांना येत होती आणि बाजारात सगळं 'दिक्कत' आणि 'प्रॉब्लेम' या दोन शब्दांवर चालतं.

सुनावणीला काकूंनी नारायणपेठ नेसली. केसात मोगरा. रिक्षात माझ्या कानाशी भाषणाची तालीम चालू होती. मी म्हटलं, "काकू, अगदी थोडक्यात. काका आंधळे आहेत, बाग हवी. बस."

"आंधळे म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "दिसत नाही म्हणायचं."

हॉल थंडगार. समोर मोठा पडदा, पडद्यावर आमचा सेक्टर आणि त्यात एक हिरवा चौकोन. टेबलामागे मुख्य साहेब बसले होते, शेजारी टायपिस्ट. साहेबांनी बटण दाबलं आणि हिरवा चौकोन निळा झाला. पुन्हा दाबलं, त्याचे चार तुकडे पडले. इतक्या सफाईने मी आजवर कुठल्या जादूगारालाही रुमाल गायब करताना पाहिलेलं नाही. नळ गेला, कडुलिंब गेला, काकांची फेरी गेली आणि साहेबांनी पाण्याचा घोट घेतला.

काकूंचा नंबर आला. त्या उठल्या, पदर सावरला, माइकसमोर उभ्या राहिल्या. साहेब अगदी अदबीने म्हणाले, "कहिए माताजी, आपको कोई आपत्ति है?"

हिंदीत आपत्ति म्हणजे आक्षेप, मागच्या रांगेत मला ते ठाऊक होतं. पण काकूंनी ऐकलं ते मराठी कानांनी. आपत्ती! म्हणजे पूर, भूकंप, घरावर कोसळलेलं संकट. एवढा मोठा साहेब पहिल्याच वाक्यात घरची खुशाली विचारतो, याचं त्यांना भरून आलं.

"नहीं जी, नहीं! कोई आपत्ति नहीं," त्या हात जोडून म्हणाल्या. "भगवान की दया से घर में सब ठीक है. आपत्ति कुछ नहीं. सिर्फ हरकत है."

"हरकत?"

"हाँ जी. बहुत बड़ी हरकत है."

हिंदीत हरकत म्हणजे चाळे. वात्रटपणा. हॉलमध्ये कुणीतरी खुसखुसलं.

"किसकी हरकत है, माताजी?"

"मेरी!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "मेरी खुद की हरकत है. हमारे मिस्टर की भी हरकत है. उनको दिखता नहीं, लेकिन उनकी हरकत मेरे से भी ज्यादा है!"

हॉल फुटला. टायपिस्टने तोंडात रुमाल कोंबला. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "माताजी, इस उम्र में?"

काकूंना वाटलं, या वयात हरकत घ्यायची हिंमत कुठून आली, असं विचारतायत. ताठ मानेने म्हणाल्या, "उम्र का क्या है? सांगली में मेरे भाई ने सत्तर के बाद की थी. पूरा रोड हिल गया!"

चारचौघांत ही गोष्ट सांगतो तेव्हा मी इथेच थांबतो. करोल बागेतल्या एका गणपतीत सांगितली तेव्हा एकाने हसता हसता खुर्चीवरून लोळण घेतली होती. पण त्या दिवशी हसू ओसरल्यावर साहेब टायपिस्टकडे वळून म्हणाले, "लिखिए. प्लॉट की मालकिन को कोई आपत्ति नहीं."

मी उभा राहून ओरडलो, "सर, उनका मतलब उल्टा है!"

"आप मालिक हैं?"

"किरायेदार हूँ."

"तो बैठिए."

काकू माझ्याकडे वळून बघत होत्या. हॉल का हसला ते त्यांना अजून कळलं नव्हतं. पण आपण काहीतरी भलतंच केलं, एवढं माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. पुढचं नाव पुकारलं गेलं. आमच्या गल्लीतले निवृत्त हिंदीचे प्राध्यापक उठले. त्यांनी गंगाजलात धुतलेल्या हिंदीत घोर आपत्ति नोंदवली, पर्यावरणावर बोलले, वृद्धांवर बोलले, आमच्या काकांवरही बोलले. साहेबांनी मान डोलावली. "नोट कर लिया." आणि बागेचं आरक्षण त्याच दुपारी उठलं.

परतताना रिक्षात मी काकूंना दोन्ही शब्दांचे अर्थ सांगितले. रिक्षा गल्लीत वळली तर बागेच्या कोपऱ्यावर टेम्पो उभा होता आणि त्यातून निळे पत्रे उतरवत होते.

घरी काकांनी विचारलं, "काय झालं?"

"मी चुकीचं बोलले," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतर त्यांनी हिंदी बोलणं सोडलं. भाजीवाल्याला बोटाने भेंडी दाखवायच्या, बोटाने पुरे म्हणायच्या. तो बिचारा मराठीत विचारायचा, "काकू, तब्येत?" त्या पिशवी पुढे करायच्या.

मला ते बघवेना. एका दुपारी मी खाली गेलो. म्हटलं, यांच्या मनावरचं ओझं आपण उतरवू.

"काकू, ते पत्रे आठवतात? आपण घरी पोचायच्या आत आले होते. म्हणजे आधीच निघाले होते. प्राध्यापकांनी तर एकही शब्द चुकवला नाही, त्यांचं काय झालं? तुमच्या बोलण्यामुळे काही झालेलं नाही."

त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला.

"म्हणजे मी बरोबर बोलले असते, तरी हेच?"

"हेच."

मला वाटलं, आता सुस्कारा सोडतील. त्यांनी शेंगांची परात बाजूला सारली. आपली चूक असती तर निदान काहीतरी आपल्या हातात होतं असं तरी म्हणता आलं असतं, आणि तेही मी काढून घेतलं होतं.

"मग बोलावलं कशाला?" त्यांनी विचारलं.

मी बोलण्यावर जगणारा माणूस. मी शेंगा सोलायला घेतल्या.

काकांना मी एकदा पलीकडच्या सेक्टरमधल्या बागेत नेलं. हाताला धरून छान दोन चकरा मारल्या, रस्ताभर विनोद सांगितले. परतल्यावर ते म्हणाले, "थँक यू. पण तू मला फिरवलंस रे. मी फिरलो नाही." पुन्हा आले नाहीत.

पत्र्यांच्या आत पाया खणायला सुरुवात झाली. एका संध्याकाळी काकू देवापाशी असताना काकांनी मागचं दार उघडलं. रेलिंग नव्हतं. त्यांनी पत्र्यावर तळवा टेकला आणि पत्र्याच्या कडेने निघाले. टपटप ऐकू येईल म्हणून कान लावून चालत राहिले असतील. पुढे गटारासाठी चर खणलेला होता. मी गच्चीवरून पाहिलं आणि जिवाच्या आकांताने ओरडलो. काकू अनवाणी धावल्या. चराच्या काठावर त्यांनी काकांचा सदरा मागून धरला, लहान मुलाचा धरावा तसा. मजूर काम थांबवून बघत होते. काकांनी हात झटकला नाही. मला वाटतं, त्यांनी झटकायला हवा होता.

आता मागच्या दाराला कुलूप आहे. किल्ली काकूंच्या पदराला असते आणि काका ती कधी मागत नाहीत. दुकानं उभी राहिली आहेत, एकात मोबाइल मिळतात, एकात केस कापतात. संध्याकाळ झाली की काका फेरीचे कॅनव्हासचे बूट घालतात, नाड्या स्वतः बांधतात आणि बंद दाराशेजारच्या खुर्चीत बसून राहतात. दिवेलागण झाली की काकू येऊन खाली बसतात आणि नाड्या सोडतात.