नदीच्या खालून

बाबांच्या गळ्यातली गाठ काढायची होती. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. डहाणूजवळच्या वरोरला आयुष्यभर होडीचे तांडेल म्हणून ज्यांनी वाऱ्यावर आवाज चढवून खलाशांना हाकलं, त्यांना हे पटवताना आम्हा दोघी बहिणींच्या नाकी नऊ आले. शेवटी हो म्हणाले.

डहाणूहून निघून मी नि बाबा मुक्कामाला मुंबईत, मरोळला ताईकडे उतरलो. सकाळी हॉस्पिटलात भरती व्हायचं होतं, आणि खाट दुपारपर्यंतच राखून ठेवणार होते. बाबांना धक्के नकोत म्हणून मी भुयारी मेट्रो धरली. मला सगळं ठाऊक असल्याचा तोरा भारी! सरकत्या जिन्यावर पाय कसा ठेवायचा, दार कुठल्या बाजूला उघडणार, माझी टकळी चालूच. त्या भरात, हातावर खाऊ ठेवावा तसं मी सांगून टाकलं, "बाबा, आता आपण मिठी नदीच्या खालून जाणार!"

बाबांचा चेहरा उतरला. पुढच्या स्टेशनला दार उघडलं आणि ते सरळ बाहेर पडले. मी पिशव्या सावरत मागे धावले.

आमच्याकडे समुद्रावरून परत न आलेल्याला कुणी मेला म्हणत नाही, पाण्याखाली गेला म्हणतात. माझा काका तसाच गेला होता.

"पान्याखालून नाय जायाचा मी," बाबा बाकावर बसत म्हणाले.

"बरं, वर जाऊन टॅक्सी करू."

"टॅक्सी नको नी काय नको. घरी चल."

मी भडकले. खाट जाईल, पुन्हा तारीख कधी मिळेल देव जाणे, गाठ काय थांबून राहणार आहे का, असं बरंच बोलले. गाड्या येत होत्या, जात होत्या. मग अगदी हळू त्यांनी विचारलं,

"भूल देतात तवा मानूस खालीच जातो ना?"

"हो."

"मंग वर कोन आनतो?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्याजवळ बसले. "भूल देणारा डॉक्टर वेगळा असतो, बाबा. तो उशाशी बसतो. ऑपरेशन संपून माणूस शुद्धीवर येईपर्यंत हलत नाही."

"सुकानूवर बसल्यावानी?"

"तस्साच."

त्यांनी जरा विचार केला आणि पुढची गाडी आली तेव्हा उठले. डब्यात माझं मनगट घट्ट धरून डोळे मिटून बसले.

"गेली नदी?"

"गेली," मी ठोकून दिलं. मला तरी कुठे दिसत होती!

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने मला अडवलं. माझे डोळे भरले. स्ट्रेचरवरून बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"रडतं काय येडी? बस तू हितं. येतो मी वर."

आले. त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच.